चौतिसावी आत्या

आत्या-मालिकेतलं सगळ्यात वाईट पुस्तक कोणतं, यावर वाचकांत मतभेद नाहीत. सर्वांत चांगलं कोणतं यावरून मात्र माणसं हमरीतुमरीवर येतात. कुणी अकरावी म्हणतं, कुणी एकोणिसावी, आणि एका ग्रंथपालाने सत्ताविसावीपायी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं असं मी ऐकून आहे. पण वाईटाचा विषय निघाला की सगळे एकदिलाने माना डोलावतात. चौतिसावी. तिचं नाव काढताना लोकांचा आवाज आपोआप खाली येतो, घरातल्या वाया गेलेल्या मुलाबद्दल बोलताना येतो तसा.

चौतिसावी मी लिहिली आहे.

मुखपृष्ठावर नाव बाईंचं, म्हणजे मालिकेच्या लेखिकेचं आहे, मागच्या बाजूला फोटो बाईंचा आहे, आणि शिव्याही सगळ्या बाईंनाच पडल्या. माझं नाव आत कुठेही नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘मुद्रितशोधन’ म्हणून असतं तेही त्या खेपेला जागा पुरली नाही म्हणून गाळलं होतं. देव असतो म्हणतात, त्याचा हा एवढाच पुरावा माझ्याकडे आहे.

मी प्रूफं तपासतो. पुस्तक छापायच्या आधी त्याची कच्ची पानं निघतात, त्यांतल्या चुका हुडकून समासात लाल पेनाने दुरुस्त्या करायच्या, हा माझा धंदा. वीस वर्षं मी बाईंच्या पुस्तकांची प्रूफं तपासतो आहे. त्यांनीच माझं नाव लाल्या पाडलं. छापखान्यात ते पसरलं, आणि आता मालकसुद्धा, समोर पाहुणा नसला की, मला लाल्याच म्हणतात.

आत्या ही मालिकेतली गुप्तहेर. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, अंगाने भरभक्कम, गुडघ्यांनी अधू. खुनाच्या जागी बोलावलं की ती आधी खुर्ची मागते. ऐसपैस बसते. मग घरातल्या एकेकाला समोर बसवून घेते आणि झोप लागते का, पाय अजून सुजतात का, धाकटीचा रुसवा गेला का, असल्या चौकशा सुरू करते. पंधरा-वीस पानं हे चालतं. तोवर प्रेत आतल्या खोलीत बिचारं ताटकळत असतं.

मला या पानांचा मनस्वी राग होता. दर पुस्तकात मी समासात लिहायचो, ‘भराव?’ बाई प्रश्नचिन्ह खोडायच्या, शेजारी ‘हो’ लिहायच्या आणि पान तसंच ठेवायच्या.

शिवाय त्यांच्या चुका. नवव्या पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात बुडून मेलेला माळी आठव्या प्रकरणात येऊन फाटकाचं कुलूप काढतो. तेराव्यात एक बाई, माझ्या हिशेबाने, अकरा महिने गरोदर आहे. आत्याचा दुखरा गुडघा दर दोन प्रकरणांनी पाय बदलतो. हे सगळं मी पकडायचो, दुरुस्त करायचो, आणि एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवायचो. चारशेच्या वर नोंदी आहेत. पूर्वी घरी कुणी आलं की मी ती वही काढायचो. हल्ली कुणी येणार असलं की बायको ती आधीच कपाटाच्या वर टाकून देते.

थोडक्यात, माझं मत असं झालं होतं की बाईंना सुचतं खरं, पण बांधता येत नाही. बांधता मला येतं. सुचायची संधी तेवढी कुणी दिली नव्हती.

ती मिळाली बाईंच्या डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यातलं एक बिनसलं आणि डॉक्टरांनी चार महिने लिहिणं-वाचणं बंद केलं. इकडे मालकांनी चौतिसावीची जाहिरात करून टाकलेली. मालक आणि मी बाईंच्या घरी गेलो. बाई काळा चष्मा लावून आरामखुर्चीत पडल्या होत्या. मालकांनी बराच वेळ हात चोळले.

“लाल्याला लिहू द्या,” बाई म्हणाल्या.

“मी?” मी म्हटलं.

“वीस वर्षं माझ्या चुका काढतोयस. एकदा स्वतः करून बघ.”

मी आढेवेढे घेतले. मोजून चार सेकंद घेतले असतील.

“नाव मात्र तुमचंच राहील, बाई,” मालक घाईघाईने म्हणाले.

“राहू दे की. माझं नाव काय झिजणार आहे?”

मी लिहायला बसलो. लिहायला म्हणजे आधी आखायला. आलेखाचा कागद आणून प्रत्येक पात्राची मिनिटामिनिटाची हजेरी मांडली. खुनाच्या घराचा नकाशा काढला, त्यात दारं कुठल्या बाजूला उघडतात तेही दाखवलं. दुखऱ्या गुडघ्याने एकोणीस पायऱ्या चढायला किती वेळ लागतो ते ठरवायला बायकोला आमच्या जिन्यावर लंगडत चढवलं.

“अहो, तिसऱ्यांदा?” ती वरून ओरडली.

“दोन वेळा चार सेकंदांचा फरक आला गं!”

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. रोज चाळीस माणसांना सुई टोचते. त्यामुळे असेल, बोलतानाही ती फार हळुवार वगैरे होत नाही. शिवाय आत्याची तेहेतीसही पुस्तकं तिने वाचलेली. हस्तलिखित पूर्ण झालं तसं मी तिच्या हातात दिलं आणि शेजारी बसून तिचा चेहरा बघत राहिलो. तिने मला बाहेर काढलं. तीन दिवसांनी म्हणाली, “स्वच्छ आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. पाहुणे यायच्या आधी खोली आवरलेली असते ना, तशी.”

“मग चांगलंच की.”

“पण पाहुणे आलेच नाहीत.”

मी त्यातला पहिला अर्धा भाग स्तुती म्हणून घेतला आणि उरलेला सोडून दिला. माझ्या पुस्तकात कुणी कुणाला बसवत नव्हतं, कुणाचे पाय सुजत नव्हते. आत्या बाराव्या पानावर येते, उभ्याउभ्या पुरावे गोळा करते आणि एकशे ऐंशीव्या पानावर खुनी दाखवून निघून जाते. गुडघा पहिल्यापासून शेवटपर्यंत उजवाच.

आता खुनाची मेख सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एका म्हाताऱ्या सावकाराचा त्याच्याच खोलीत खून होतो. त्याचा पुतण्या जबानीत सांगतो, मी पाच वाजता काकांना भेटलो, खिडकीवर हिरवा पडदा ओढलेला होता, काका खुशीत होते, मी निघून आलो. पण हिरवा पडदा त्या दिवशी सकाळीच धुवायला गेलेला असतो आणि त्या जागी तपकिरी लावलेला असतो. हे मी एकतिसाव्या पानावर जाता जाता सांगून ठेवलं होतं. म्हणजे पुतण्या पाच वाजता तिथे गेलेलाच नव्हता, सगळं रचून सांगत होता. शेवटी आत्या त्याच्याकडे बोट रोखते आणि म्हणते, “तुम्ही हिरवा पडदा म्हणालात!” पुतण्या मान खाली घालतो. संपलं. मला ती मेख इतकी आवडली होती की एकदा रस्त्याने चालताना मी स्वतःशीच हसलो आणि एक बाई मुलाला घेऊन पलीकडच्या फुटपाथवर गेली.

प्रूफंही मीच तपासली. दुसरं कोण तपासणार? तीन वाचनं व्यवस्थित झाली. शेवटचं प्रूफ आलं तेव्हा मध्ये तीन आठवडे गेले होते आणि टेबलावर एक पाकशास्त्राचं आणि एक बँकेच्या परीक्षांचं अशी दोन पुस्तकं येऊन पडली होती. मी लाल पेन उघडलं. आता या धंद्यातली एक गोष्ट अशी, की प्रूफं तपासताना माणूस मजकूर वाचत नाही, चुका वाचतो. पान अठ्ठावन्न. ‘हिरवा पडदा.’ माझा हात थबकला. मागे तपकिरी होता ना? मी पानं उलटली. एकतीस. तपकिरी. सापडली! मी ‘हिरवा’वर काट मारली, समासात ‘तपकिरी’ लिहिलं, मनात म्हटलं, बाई काही सुधारत नाहीत, आणि पुढच्या पानाकडे वळलो.

पुस्तक छापून आलं. बायको जेवणाच्या टेबलापाशी बसून ते पुन्हा वाचत होती आणि मी समोर बसून ती शेवटच्या प्रकरणाशी पोचायची वाट बघत होतो.

“पण हा हिरवा कुठे म्हणाला?” तिने विचारलं.

“कोण?”

“पुतण्या. तो तर तपकिरी म्हणाला होता.”

मी हसलो. माणूस जिंकायच्या तयारीत असला की जसा हसतो, तसा. “पान अठ्ठावन्न काढ.”

तिने काढलं. “‘खिडकीवर तपकिरी पडदा ओढलेला होता.’”

मी पुस्तक हिसकावून घेतलं. तपकिरीच होता. म्हणजे माझ्या पुस्तकात पुतण्या खरं बोलत होता. तो पाच वाजता तिथे गेला होता, त्याने जे पाहिलं ते सांगितलं होतं आणि निघून आला होता. आणि शेवटी आत्या त्याच्यावर नसत्या शब्दांचा आरोप करत होती, आणि तो गुळाचा गणपती ‘मी असं म्हणालोच नाही’ एवढंही न म्हणता मान खाली घालून तुरुंगात जात होता.

“हे कुठल्या गाढवाने केलं?” मी ओरडलो.

एवढी मोठी चूक वहीत नोंदवायलाच हवी, म्हणून मी स्टुलावर चढून कपाटावरची वही काढली. शेवटचं पान उघडलं. नोंद आधीच केलेली होती. अक्षर माझंच. ‘चौतिसावी, पान ५८, पडद्याचा रंग. नेहमीचा गलथानपणा.’

बायको इतकी हसली की तिला उचकी लागली. मी तिला पाणी दिलं. आणखी काय करणार?

मग पत्रं सुरू झाली. एका वकिलाने पुतण्याचं वकीलपत्र विनामूल्य घ्यायची तयारी दाखवली. एका शिक्षिकेने वर्गात मतदान घेतलं, चाळीस विरुद्ध शून्य मतांनी पुतण्या निर्दोष सुटला. ही पत्रं वाचून निदान हसू तरी यायचं. पण पडद्यापलीकडचं लिहिणारेही खूप होते. ‘आत्या अशी नव्हती हो.’ ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरडं.’ ‘बाई, खूप लिहिलंत, आता विश्रांती घ्या.’ आणि हे सगळं त्यांनी बाईंना लिहिलं होतं.

त्याच सुमारास मी दाढी करायला गेलो होतो. आमचा न्हावी आत्याचा भक्त आहे, दुकानात ओळीने पुस्तकं लावून ठेवलेली आहेत. माझ्या गळ्याशी वस्तरा धरून तो म्हणाला, “चौतिसावी वाचली का? बाईंचं डोकं चालेनासं झालं बघा.”

आणि मी म्हणालो, “हो ना. वय झालं.”

वस्तऱ्याचं कारण सांगता येईल, पण ते खरं नाही. मला वाचवायचा होता तो गळा नव्हता. चौतिसावीत खरा गुन्हेगार सापडत नाही, पण तिच्यापायी जो गुन्हा झाला तो त्या खुर्चीत झाला आणि तो मी केला. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसली नाही.

पाचव्या महिन्यात बाईंचे डोळे वाचण्याइतपत सुधारले आणि त्यांनी मला बोलावलं. तिसरा मजला, दोन खोल्या. लिहायचं टेबल खिडकीकडे नाही, भिंतीकडे तोंड करून. टेबलावर मूठ असलेलं भिंग, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली, आणि शेजारी जमिनीवर पत्रांचं खोकं. चौतिसावी टेबलावर पालथी पडली होती. मी दारातच उभा राहिलो.

बाई आधी पडद्यावर हसल्या. खूप हसल्या. काळा चष्मा काढून डोळे पुसले, डॉक्टरांनी हसायला बंदी केली नव्हती म्हणून बरं. मी माझ्या वहीतली नोंदही सांगून टाकली, तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली.

“पडद्याचं सोड,” मग त्या म्हणाल्या. “पुस्तक वाईट आहे, ते असणारच होतं. पहिलं होतं तुझं. माझं पहिलं याहून वाईट होतं. तू वाचलेलं नाहीस, कारण मी ते जाळलं.”

“बाई, मी लोकांना सांगून टाकतो...”

“ऐक आधी.” त्यांनी पायाने खोकं जरासं सरकवलं. “दोनशे बारा पत्रं आहेत. भिंग लावून सगळी वाचली. लोक रागावलेत, हळहळलेत, एकाने तर कविता केली आहे. पण एकानेही असं लिहिलेलं नाही की हे बाईंचं नव्हे.”

मी आत येऊन खोक्यापाशी टेकलो.

“मला वाटायचं, माझं एक वाक्य कुठेही नेऊन टाकलं तरी लोक म्हणतील, हे बाईंचं. तू अख्खं पुस्तक लिहिलंस आणि त्यांना वाटलं, मीच आहे, फक्त जरा दमले आहे. तू वाईट लिहिलंस याचं मला काही नाही रे. पण ते माझं म्हणून सगळ्यांना खरं वाटलं, याचं काय करू? माझ्यात आणि तुझ्यात एवढंच अंतर असेल, तर मी डोळे फोडून कशाला लिहू?”

“बाई, असं नका बोलू.”

“पस्तिसावी होणार नाही. मालकांना सांगायचं आहे, पण महिनाअखेरपर्यंत थांबते. त्यांच्या मुलीचा निकाल लागायचा आहे, उगाच घरात चिंता नको.”

असं आहे. स्वतःचं दुकान बंद करतानाही या बाईला मालकांच्या मुलीचा निकाल आठवतो. माझ्या आलेखाच्या कागदावर असल्या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

जिना उतरताना मला पायरी दिसेना. आयुष्यात मी अनेकांचा मजकूर बिघडवला असेन, पण माणूस लिहायचा थांबला तो माझ्यामुळे, असं कधी झालं नव्हतं.

मी सरळ मालकांकडे गेलो आणि म्हटलं, जाहीर करून टाकू, चौतिसावी मी लिहिली.

“आणि मग लोक विचारतील, बाकीच्या कुणी लिहिल्या?” मालक म्हणाले. “तिसावी कुणाची? अकरावी कुणाची? बाईंना वाचवायला जाल आणि तेहेतीस पुस्तकांवर शाई सांडून बसाल.”

मला त्यांचा राग आला, पण त्यांचं खरं होतं.

मग मी ते पत्रांचं खोकं बाईंकडून मागून आणलं. पडद्याची चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो, त्यासाठी पत्रं बघतो, अशी थाप मारली. दोन दिवसांत दोनशे बारा पत्रं वाचली. वाचण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मला एकच माणूस हवा होता, ज्याने ओळखलं. सगळ्यात जवळ गेलेला एक दुकानदार होता, त्याने विचारलं होतं, ‘हे तुम्ही झोपेत लिहिलंत का?’ पण झोपेत का होईना, लिहिणाऱ्या बाईच होत्या.

तसा वाचक नव्हता. म्हणून मी तो तयार करायचं ठरवलं. हो, एक पुस्तक लिहून समाधान झालं नव्हतं माझं.

दूरच्या गावची एक निवृत्त परिचारिका मी कल्पिली. मजकूर माझा, अक्षर बायकोचं. लॅबमध्ये ती दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या लिहिते, तिचं अक्षर बाईंनी कधी पाहिलेलं नव्हतं. मी पहिला खर्डा तिच्यासमोर ठेवला. ‘प्रस्तुत पुस्तक आपण लिहिलेले नाही असे मानण्यास पुढील तीन कारणे आहेत.’

“हे पत्र आहे की नोटीस?” बायकोने विचारलं.

“मुद्दे स्पष्ट नकोत का?”

“त्यांच्या पुस्तकांत तुम्हाला काय आवडतं ते लिहा की साधं.”

“मला? मला कसं काय...”

“नाहीतर कुणाला? वीस वर्षं एकेक पुस्तक चारचारदा कोण वाचतंय?”

ती कामावर निघून गेली. मी कोऱ्या कागदासमोर बराच वेळ बसलो आणि मग अकरावीबद्दल लिहायला लागलो.

अकरावीत एका विणकराच्या मुलाचा खून होतो. आत्या त्याच्या आईकडे जाते आणि काहीच विचारत नाही. आई लोकरीचा गोळा करत असते, आत्या समोर बसून दोन्ही हातांवर लोकरीची लड धरते. अडीच पानं नुसती लोकर गुंडाळली जाते. मग आई दाराकडे बघून सांगते, पोरगा येताना एक बूट नेहमी आडवा टाकायचा, रोज ओरडायचे मी. आत्या विचारते, सरळ करून ठेवू का? आई म्हणते, “आडवाच राहू दे. सरळ केला तर मग ओरडू कुणावर?”

परिचारिकेने लिहिलं, की माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या चष्म्याचं घर टेबलावर उघडं राहिलं होतं. वर्षभर मी ते मिटवलं नाही. घरातले विचारायचे, मिटवत का नाहीस, आणि मला कारण सांगता यायचं नाही. मला त्या आईचं वाक्य आठवायचं. ते ज्यांनी लिहिलं, त्यांच्या पुस्तकात माणसं एकमेकांना बसवून घेतात. चौतिसावीत सगळे उभे आहेत. बाई, या तुम्ही नव्हेत. तुम्ही कुठे आहात?

पत्र पुरं झालं तेव्हा माझा सदरा घामाने भिजला होता. बायकोने ते संध्याकाळी तिच्या अक्षरात उतरवलं. मध्ये एकदा थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे लिहीत राहिली. वेगळ्या गावचा शिक्का हवा म्हणून मी बसने दोन तास जाऊन ते टपालात टाकलं. परतताना खिडकीशी बसून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. या खेपेला प्रूफ नव्हतं, त्यामुळे बिघडायचंही काही नव्हतं.

सहाव्या दिवशी बाईंचा निरोप आला.

पत्र टेबलावर होतं. शेजारी अकरावी.

“वाच हे,” बाई म्हणाल्या. मी वाचलं. भुवया वर घेतल्या, मान हलवली, मध्येच ‘अरे वा’ म्हटलं. मला वाटतं बरं जमलं होतं.

“बघा! ओळखणारी निघाली की नाही?”

“निघाली खरी. परिचारिका दिसते.”

“असतात हो, अशा जाणत्या...”

“फक्त एक अडचण आहे. अकरावी घे. पान एकशे चार. मोठ्याने वाच.”

मी वाचायला लागलो. लोकर. लड. गोळा फिरतो आहे. पोरगा येताना एक बूट नेहमी आडवा टाकायचा, रोज ओरडायचे मी. प्रकरण संपलं. मी पान उलटलं. पुढचं प्रकरण पोलीस चौकीत सुरू होत होतं. मी परत मागे आलो.

“शोधू नकोस,” बाई म्हणाल्या. “ते वाक्य छापलंच नाही. पुस्तक सोळासोळा पानांच्या गठ्ठ्यांनी छापतात, हे तूच मला शिकवलंस. प्रकरण तीन ओळींनी पुढच्या पानावर जात होतं, आणि त्या तीन ओळींपायी अख्खा गठ्ठा वाढत होता. तू कापल्यास. मी तुझ्याशी भांडले, मग म्हटलं जाऊ दे. अठरा वर्षं झाली. ते वाक्य वाचलं तिघांनी. मी, तू, आणि खिळे जुळवणारा जुळारी. जुळारी वारला.”

आत्याने बोट रोखल्यावर पुतण्याने घातली तशी मी मान खाली घातली. फरक इतकाच, की पुतण्या निर्दोष होता.

“अक्षर कुणाचं?”

“बायकोचं.”

“आणि वडिलांचं? तेही बनवलंस?”

“नाही,” मी म्हटलं. “ते खरं आहे. चष्म्याचं घर वर्षभर उघडं होतं.”

आता थांबण्यात अर्थ नव्हता.

“बाई, ते वाक्य मी कापलं आणि ते माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही. इतकं राहिलं, की ते छापलंय असंच मी धरून चाललो होतो. मी शंभर पुस्तकं लिहिली तरी मला ते सुचणार नाही. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, आणि हे मला चौतिसावी लिहून कळलं असंही नाही. आधीपासून माहीत होतं. तुम्हाला सांगायच्या ऐवजी मी समासात ‘भराव’ लिहीत राहिलो. न्हाव्याकडे तर मी...” आणि मी न्हाव्याचंही सांगितलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या घरात, हातात अकरावी धरून रडत होतो.

बाईंनी बाटली उचलली, मान मागे टाकली आणि डोळ्यांत औषध घातलं. दोन्ही डोळ्यांत, सावकाश, एकेक थेंब. थेंबांपेक्षा जास्त पाणी गालांवरून आलं, ते त्यांनी पदराने टिपलं.

“दोनशे बारा पत्रं उपसली मी,” त्या म्हणाल्या. “आणि ओळखणारा हा इथे, लाल पेन घेऊन.”

त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“त्या परिचारिकेचं नाव खोड. तुझं लिही.”

मी खिशातून पेन काढलं, परिचारिकेवर काट मारली आणि खाली माझं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण मी ते दुरुस्त केलं नाही. बाईंनी भिंग धरून ते नीट वाचलं. घडी घातली. पत्र टेबलाच्या खणात गेलं, आणि त्याच खणातून कोऱ्या कागदांची चळत वर आली.

“बाई?”

त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली, भिंग डावीकडे सारलं आणि दिव्याची मान खाली ओढली.

“नीघ आता,” त्या म्हणाल्या. “मला लिहायचंय.”